मोबाइलचे दरयुद्ध आणि त्याचा हिशेब

दरयुद्ध म्हणजे काय

एका कंपनीने दर उतरवले, ग्राहक निसटू नयेत म्हणून दुसरीने ते आणखी उतरवले, की स्पर्धा सुरू होते. साध्या स्पर्धेत हे दर उत्पादनखर्चापाशी येऊन थांबतात. दरयुद्धात ते खर्चाच्याही खाली जातात आणि मधली तूट ग्राहकाऐवजी दुसरा कोणीतरी भरतो. भागधारक, कर्ज देणारी बँक, नोकरी गमावणारा कर्मचारी, सरकारी तिजोरी यांपैकी तो कोणीही असू शकतो. काही वर्षांनी पुन्हा ग्राहकाचीही पाळी येते. भारतातील मोबाइल सेवेत हे सगळे एकापाठोपाठ एक घडले, त्यामुळे अभ्यासासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

दर इतके खाली का जाऊ शकतात

याचे कारण खर्चाच्या रचनेत आहे. परवाना, लिलावात घेतलेल्या रेडिओलहरी (स्पेक्ट्रम), मनोरे, केबल आणि यंत्रसामग्री यांवरचा प्रचंड खर्च सेवा सुरू होण्यापूर्वीच करावा लागतो. त्यानंतर एका वाढीव कॉलसाठी येणारा खर्च मात्र जवळजवळ शून्य असतो. सुटायच्या बेतात असलेल्या एसटीत चार आसने रिकामी असली, तर त्यांवर प्रवासी बसल्याने डिझेल फारसे जास्त जळत नाही. मिळेल ते भाडे फायद्याचेच. प्रत्येक कंपनीने असाच विचार केला की दर घसरत जातात. पण गाडीच्या कर्जाचा हप्ता त्या भाड्यातून फिटत नाही, आणि मोबाइल कंपन्यांच्या डोक्यावर हा हप्ता फार मोठा असतो. केवळ २०१० च्या थ्री-जी लिलावातून सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले, आणि कंपन्यांनी ती रक्कम मुख्यतः कर्ज काढून उभी केली होती.

उपमेला मर्यादाही आहे. एसटी भरली की वाहक दार लावून घेतो. मोबाइलच्या मनोऱ्यावर गर्दी झाली तर दार बंद होत नाही. सर्वांचाच वेग मंदावतो आणि कॉल मध्येच तुटतात. म्हणजे दर घसरण्याचा एक भाग गुणवत्तेच्या रूपाने वसूल होतो, पण तो बिलावर दिसत नाही.

पहिल्या चकमकी

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला कॉल हा देशातला पहिला मोबाइल कॉल मानला जातो. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास दर होता, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठोक परवाना शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली आणि कंपन्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली. मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. त्याच वर्षी पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपयांत हँडसेट हाती देणारी योजना आणली, आणि मोबाइल ही केवळ श्रीमंतांची वस्तू आहे हा समज संपला.

२००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर लावला. गणित केले तर मिनिटाला ६० पैसे होतात. ते काही अतिस्वस्त नव्हते. पण तोवर मिनिटाच्या हिशेबात दहा सेकंदांच्या बोलण्यालाही पूर्ण मिनिटाचे पैसे द्यावे लागत. ‘पोचलो’ एवढेच सांगायला फोन करणाऱ्याची खरी बचत तिथे झाली. काही महिन्यांत सर्वच कंपन्यांना तोच मार्ग धरावा लागला. त्या सुमारास एकेका सेवाक्षेत्रात (परिमंडळात) दहाहून अधिक कंपन्या होत्या. २००८ मध्ये वाटलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्द केले, तेव्हा गर्दी थोडी विरळ झाली.

सप्टेंबर २०१६

रिलायन्स जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सात महिने, ती मोफत होती. त्यानंतरही कॉल फुकटच राहिले. पैसे फक्त डेटाचे. जुन्या कंपन्यांची मुख्य कमाई कॉलवर होती आणि डेटा ही वरकड मिळकत होती. जिओचे जाळे केवळ फोर-जीचे असल्याने तिथे कॉल हाही डेटाचाच एक लहान तुकडा होता, म्हणून तो फुकट देणे तिला तांत्रिकदृष्ट्या परवडले. आर्थिकदृष्ट्या परवडले, कारण पाठीशी तेलशुद्धीकरण आणि पेट्रोरसायनांतून येणारा पैसा होता. नव्या कंपनीला असा आधार आणि जुन्यांना मात्र कर्जाचा भार, हा फरक निर्णायक ठरला.

हे दर स्पर्धा मारण्यासाठी मुद्दाम तोट्यात ठेवले आहेत, अशी तक्रार एअरटेलने केली. भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१७ मध्ये ती फेटाळली. नव्याने आलेल्या कंपनीचे बाजारावर वर्चस्व नसते, आणि वर्चस्व नसेल तर त्याचा गैरवापरही होऊ शकत नाही, असा तर्क होता. कायद्याच्या चौकटीत तो बिनतोड आहे. बाजाराच्या वास्तवात काही वर्षांतच तीच कंपनी पहिल्या क्रमांकावर पोचली, हेही नोंदवायला हवे.

मिस कॉल, रिंग आणि सहा पैसे

दरयुद्धाचा सर्वांत मजेशीर अध्याय रिंग किती सेकंद वाजावी यावरून घडला. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसरीच्या ग्राहकाला कॉल केला, तर कॉल जिथून निघतो ती कंपनी तो जिथे पोचतो त्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे देत असे. याला परस्परजोडणी वापर शुल्क म्हणतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ते १४ पैशांवरून ६ पैशांवर आणले. कॉल फुकट असल्याने जिओकडून बाहेर जाणारे कॉल जास्त, म्हणून ही कपात तिच्या पथ्यावर पडली. जुन्या कंपन्यांची एक हक्काची आवक मात्र आटली.

सहा पैसेही मोठे होते. भारतीयांनी पैसे वाचवण्यासाठी शोधलेला मिस कॉल इथे कंपन्यांच्या ताळेबंदात शिरला. रिंग लवकर थांबली तर कॉल चुकतो, समोरचा माणूस उलट फोन करतो आणि शुल्काची दिशा पालटते. २०१९ मध्ये जिओने रिंगचा अवधी सुमारे २० सेकंदांवर आणला. प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेतला आणि पाठोपाठ आपलाही अवधी कमी केला. अखेर नोव्हेंबरमध्ये ट्रायला मोबाइलची रिंग ३० सेकंद वाजलीच पाहिजे असा नियम करावा लागला. स्वयंपाकघरातून हात पुसत फोनपर्यंत येणाऱ्या माणसाला आपल्या फोनची रिंग एवढ्यात का थांबते हे कळत नव्हते. त्यामागे सहा पैशांचे भांडण होते. १ जानेवारी २०२१ पासून हे शुल्क शून्य झाले आणि वाद मिटला.

गुंतवणूकदार

मोबाइल कंपनीची प्रकृती ‘प्रतिग्राहक सरासरी महसूल’ या आकड्यावरून कळते. एका ग्राहकाकडून महिन्याला सरासरी किती रुपये मिळतात, एवढाच त्याचा अर्थ. एअरटेलचा हा आकडा २०१८ च्या अखेरीस १०४ रुपयांपर्यंत घसरला. ज्यांना तेवढे सोसणे जमले नाही त्या कंपन्या गेल्या. टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलने घेतला. एअरसेलने दिवाळखोरीचा मार्ग धरला. नवी मुंबईत मुख्यालय असलेली रिलायन्स कम्युनिकेशन्स २०१७ च्या अखेरीस मोबाइल सेवा बंद करून पुढे दिवाळखोरीत गेली, आणि तिच्या सुमारे ४५ हजार कोटींच्या कर्जाची झळ बँकांना बसली. बँकेचे कर्ज बुडते तेव्हा तोटा अंतिमतः ठेवीदार आणि करदात्यांच्या बाजूला सरकतो. त्यांच्यापैकी अनेकांच्या खिशात त्याच वेळी स्वस्त सिम होते.

व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एकत्र आल्या, त्या क्षणी ग्राहकसंख्येने देशातली सर्वांत मोठी कंपनी म्हणून. पण दोन कर्जबाजारी घरे एक झाली म्हणून कर्ज कमी होत नाही. व्होडाफोन आयडिया आणि एअरटेल या दोन प्रतिस्पर्ध्यांची तुलना त्यांनी विकलेल्या समभागांच्या दरांवरून स्पष्ट होते. २०१९ मध्ये दोघांनीही भागधारकांकडून प्रत्येकी सुमारे २५ हजार कोटी उभे केले. व्होडाफोन आयडियाचा दर होता १२.५० रुपये, एअरटेलचा २२० रुपये. एअरटेलने पुढच्या वेळी, २०२१ मध्ये, भागधारकांना समभाग ५३५ रुपयांना दिले. व्होडाफोन आयडियाला २०२४ मध्ये १८ हजार कोटींसाठी ११ रुपयांना समभाग विकावे लागले. युद्धात टिकलेल्याला मोठा परतावा मिळतो, मधल्याला वर्षानुवर्षे नुसते भांडवल ओतत राहावे लागते. जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये मात्र २०२० मध्ये फेसबुक आणि गुगलसह बाहेरच्या गुंतवणूकदारांनी दीड लाख कोटींहून अधिक रक्कम घातली. तोवर युद्धाचा निकाल बहुतेक लागला होता.

कर्मचारी आणि दुकानदार

गुंतवणूकदाराच्या तोट्याचा आकडा छापून येतो. कामगाराचा येतोच असे नाही. कंपनी बुडते तेव्हा तिच्या पगारपत्रकावरचे लोक मोजता येतात. मनोऱ्यावर चढणारा तंत्रज्ञ, डिझेल पोचवणारा, कॉल सेंटरमध्ये उत्तर देणारा, छत्री ठोकून रस्त्याकडेला सिम विकणारा हे बहुतेक कंत्राटी असतात आणि हिशेबाबाहेर राहतात. विलीनीकरणात एकाच गावात दोन कार्यालये, एकाच टेकडीवर दोन मनोरे उरतात; त्यांतले एक जाते. मनोरे भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे भाडेकरू असेच एकाएकी घटले.

ज्याची मोजदाद झाली असे मोठे उदाहरण सरकारी मालकीच्या भारत संचार निगमचे (बीएसएनएल). खासगी कंपन्या फोर-जीवर असताना निगमला त्यासाठीच्या रेडिओलहरीच दिलेल्या नव्हत्या, म्हणजे लढाईत उतरवून हत्यार काढून घेतल्यासारखे झाले. महसूल आटला आणि त्यातला बहुतांश भाग पगारावर खर्च होऊ लागला. २०१९ मध्ये सरकारने पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. ३१ जानेवारी २०२० रोजी निगमचे ७८ हजारांहून अधिक आणि दिल्ली-मुंबईच्या महानगर टेलिफोन निगमचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी निवृत्त झाले. भारत संचार निगमचे निम्म्याहून अधिक मनुष्यबळ त्या दिवशी कमी झाले. या लोकांना योजनेचे पैसे मिळाले. कंत्राटी कामगारांना थकलेल्या मजुरीसाठी आंदोलने करावी लागली.

रिचार्जचे दुकान हा आणखी एक धागा. दहा-वीस रुपयांच्या ‘छोट्या रिचार्ज’वर या दुकानांचा गल्ला चाले, कारण ग्राहक आठवड्यातून दोनदा येई. अमर्याद कॉलच्या पॅकमुळे तो महिन्यातून एकदा येऊ लागला आणि पुढे यूपीआयमुळे येईनासाच झाला. गंमत अशी की यूपीआय इतके पसरण्याचे एक मोठे कारण तोच स्वस्त डेटा होता.

सरकारची जागा

सरकार या व्यवहारात एकाच वेळी अनेक खुर्च्यांवर बसलेले आहे. रेडिओलहरी तेच विकते, परवान्यापोटी महसुलात वाटा तेच घेते, भारत संचार निगमचे मालकही तेच. हा वाटा नेमका कोणत्या महसुलावर मोजायचा यावरून वर्षानुवर्षे वाद होता. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्यापक व्याख्या मान्य केली आणि दूरसंचाराशी संबंध नसलेले उत्पन्नही हिशेबात आले. त्या थकबाकीची तरतूद करताना व्होडाफोन आयडियाने एका तिमाहीत ५०,९२१ कोटींचा तोटा दाखवला. हा तोटा सर्वस्वी दरयुद्धाचा नव्हता, पण दरयुद्धाने कंपनी इतकी अशक्त केली होती की हा फटका तिला पेलवला नाही. शेवटी सरकारने थकीत देण्याच्या बदल्यात तिचे समभाग घेतले. सरकारचा वाटा २०२३ मध्ये सुमारे एक तृतीयांश आणि एप्रिल २०२५ मध्ये एकूण जवळजवळ ४९ टक्के झाला. धनकोच भागधारक झाला.

ग्राहक

लाभ निर्विवाद आहे. २०१४ च्या सुमारास एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांहून अधिक पडत; चार-पाच वर्षांत तो दर दहा-बारा रुपयांवर आला. करोनाच्या टाळेबंदीत फोनवरून वर्ग भरले, भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड लागला, परगावी कामाला गेलेल्यांचे घरच्यांशी व्हिडिओवर बोलणे सुरू झाले, ते याच दरांवर.

मर्यादा नंतर दिसल्या. डझनभर कंपन्यांतून तीन खासगी आणि एक सरकारी उरल्या, आणि दर पुन्हा चढू लागले: डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४. एअरटेलचा प्रतिग्राहक महसूल २०२४ च्या अखेरीस २४५ रुपये झाला. मासिक पॅक २८ दिवसांचा, म्हणून वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. ट्रायने २०२२ मध्ये किमान एक पॅक ३० दिवसांचा ठेवायला लावला. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर अनेकांनी क्रमांक भारत संचार निगमकडे पोर्ट केला. त्या महिन्यात निगमचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले, खासगी कंपन्यांचे घटले.

सर्वांत जास्त अडचण झाली ती फक्त बोलण्यापुरता फोन वापरणाऱ्यांची. एकेकाळी दहा रुपयांत महिना काढणाऱ्या कीपॅड फोनधारकाला इनकमिंग चालू ठेवण्यासाठीही दरमहा शंभराहून अधिक रुपये मोजावे लागू लागले, आणि त्यात न वापरल्या जाणाऱ्या डेटाचे पैसेही असत. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक द्या असा आदेश काढला. कंपन्यांनी ते प्रामुख्याने ८४ दिवसांच्या आणि वर्षभराच्या मुदतीचे आणले. एअरटेलचे असे पॅक ४६९ आणि १,८४९ रुपयांचे होते. महिन्याच्या हिशेबात ते स्वस्त पडत, पण तेवढी रक्कम एकदम काढावी लागे.