उतारावरचे पाणी

जुलै उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत तलावांचे कोष्टक रोज छापून येऊ लागते. वाचकाची नजर जाते टक्क्यांकडे. त्याच कोष्टकात तलाव भरून वाहू लागण्याची पातळीही दिलेली असते : विहार ८०.१२ मीटर, तुळशी १३९.१७, तानसा १२८.६३, मोडकसागर १६३.१५. मुंबईच्या पाणीपुरवठ्याची सगळी रचना या आकड्यांत सामावलेली आहे. पाणी पुरेशा उंचीवर अडवले, तर ते उताराने आपसूक शहरापर्यंत येते. हे सूत्र हाताशी धरून मुंबईचे अभियंते दीडशेहून अधिक वर्षे उत्तरेकडे सरकत राहिले.

सुरुवात टंचाईने झाली. १८५४च्या उन्हाळ्यात बेटावरच्या विहिरी आटल्या. गुरे माहीमकडे हलवावी लागली, पडावांतून आणि नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीने पाणी आणले गेले. त्यानंतर हेन्री कॉनीबेअर यांच्या योजनेनुसार मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलाव बांधला गेला आणि १८६० साली तिथले पाणी नळाने शहरात आले. पुढे शहरातले जुने तलाव एकेक करून बुजवले गेले. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नुसती नावे उरली. मलबार हिलसारख्या उंच भागाला विहारच्या पाण्याचा दाब पुरेना, म्हणून अधिक उंचावरचा तुळशी तलाव १८७९ साली जोडला गेला.

तानसा हे खरे धाडस. साष्टी बेट आणि ठाण्याची खाडी ओलांडून शहर पहिल्यांदाच सुमारे ९० किलोमीटरवर पाण्यासाठी गेले. अडीच किलोमीटरहून लांब असलेले ते दगडी धरण १८९२ साली पूर्ण झाले. जमिनीचा उतार जुळला तिथे बांधीव पाट आणि दरी किंवा खाडी आडवी आली तिथे बिडाचे नळ, अशी वाट काढत पाणी आणले गेले. एवढ्या अंतरात उतार जरा चुकला असता, तर पाणी मध्येच थबकले असते. संगणक नसताना केलेली ती मोजणी आठवली की माझे हात आजही जोडले जातात.

स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर १९५७ साली धरण झाले. त्याला नगर अभियंता एन. व्ही. मोडक यांचे नाव मिळाले, ते योग्यच. आल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ साली बृहन्मुंबईचा आराखडा मांडणारे मोडक हेच. शहर कुठे पसरणार आणि त्याला पाणी कुठून मिळणार, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर होते. आज ते वेगवेगळ्या खात्यांत विखुरले आहेत. पुढे ऊर्ध्व वैतरणा आली, २०१४ साली १०२ मीटर उंचीची मध्य वैतरणा आली. भातसाचा मामला मात्र निराळा. सात तलावांच्या एकूण १४,४७,३६३ दशलक्ष लिटरपैकी ७,१७,०३७ एकट्या भातसाचे. ते पाणी नदीने खाली येते आणि पिसे येथे पंपाने उचलावे लागते. तिथली वीज गेली की मुंबईत पाणीकपात जाहीर होते.

भांडुपला शुद्ध झालेले पाणी टेकड्यांवरच्या जलाशयांतून ठरलेल्या वेळी वस्त्यांत सोडले जाते. ती वेळ सांभाळतात चावीवाले. रस्त्यातले लोखंडी झाकण उचलायचे, खालच्या दांड्याला लांब चावी बसवायची आणि अंगाचा जोर लावून फेरे द्यायचे. घाई चालत नाही. व्हॉल्व्ह एकदम बंद केला, तर धावत्या पाण्याचा दणका नळाला बसतो आणि जुना सांधा उखडतो. कोणता व्हॉल्व्ह अडतो, कोणत्या गल्लीच्या टोकाला दाब पडतो, हे चावीवाल्याच्या हाताला ठाऊक असते. तो निवृत्त झाला की हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. धरणाच्या बांधकामाची नोंद आपण इंचाइंचाने ठेवतो. या माणसांच्या माहितीचीही तितक्याच निगुतीने ठेवायला हवी.

या सगळ्या रचनेत एक जागा कोरी राहिली, आणि ती मला अस्वस्थ करते. तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतात. बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात, आणि खाली दरीत मुंबईचे पाणी साठलेले असते. कारण पुन्हा उंचीच. धरण दरीत, पाडे डोंगरावर. मुंबईकडे आपोआप वाहणारे पाणी पाड्यांना उपसून चढवावे लागते. त्यासाठी लागणारा पंप, वीज आणि नळ यांची तरतूद धरणाच्या खर्चात कुणी धरली नाही. महानगराच्या गरजेपुढे तो खर्च किरकोळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे अन्याय किती मोठा आहे ते कळते. आता इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून घाटाच्या उताराने पाणी शहापूरच्या गावांना आणण्याची योजना हाती घेतलेली आहे. जी युक्ती मुंबईसाठी वापरली, तीच इथे वापरायला इतकी वर्षे जावी लागली.

पुढची पाळी गारगाईची. वाडा तालुक्यात ओगदा गावाजवळ धरण बांधून रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मुंबईला आणायचे आहे. जंगल बुडेल, गावे उठतील. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मनोरीचा प्रकल्प, शहरातली गळती आणि पाणीचोरी रोखणे, वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, हे सगळे आधी नीट मोजावे. एवढे करूनही धरण लागणारच असेल, तर भोवतालच्या प्रत्येक पाड्याची नळजोडणी, तिचा पंप आणि पंपाचे वीजबिल, सारे त्याच निविदेत आणि पहिल्याच नकाशात असले पाहिजे.