लेपर्ड गेकोचे वजन योग्य आहे का? काटा सांगतो अर्धे, शेपूट सांगते उरलेले

घरात पाळलेल्या लेपर्ड गेकोबद्दल सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, त्याचे वजन किती हवे? पूर्ण वाढ झालेला गेको साधारण ४५ ते ८० ग्रॅमचा असतो. मात्र या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. लहान चणीची मादी ४८ ग्रॅमवर ठणठणीत असू शकते, तर मोठ्या हाडापेराचा नर ६० ग्रॅमवरही हडकलेला असू शकतो. म्हणून वजनाबरोबर अंगाची ठेवण पाहावी लागते.

शेपूट एवढी महत्त्वाची का?

हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातला. त्याची एक जवळची जात महाराष्ट्राच्या कोरड्या भागातही आढळते. अशा मुलखात खाद्य वर्षभर सारखे मिळत नाही. त्यामुळे उंटाच्या मदारीप्रमाणे हा गेको शेपटीत चरबी साठवतो आणि उपासाच्या काळात ती वापरतो. शेपूट म्हणजे त्याचे बचत खातेच!

नुसत्या नजरेने कसे ओळखावे?

गेकोला वरून पाहा आणि शेपटीच्या सर्वांत जाड भागाची मानेशी तुलना करा.

- योग्य: शेपूट मानेइतकी किंवा किंचित जाड. पाठीचा कणा उठून दिसत नाही, पोट जमिनीला घासत नाही.
- बारीक: शेपूट मानेपेक्षा स्पष्टपणे निमुळती. कंबरेची हाडे, बरगड्या आणि कणा उठून दिसतात.
- लठ्ठ: शेपूट मानेपेक्षा बरीच रुंद, पोट लोंबते, पायांच्या बगलेत मऊ फुगवटे कायम दिसतात.

दोन वेळा ही खूण फसवते. गेको घाबरला तर शेपूट टाकतो. नंतर येणारी शेपूट गुळगुळीत आणि गाजरासारखी फुगीर असते, त्यामुळे तो बारीक असूनही धष्टपुष्ट वाटतो. अशा वेळी कणा आणि कंबर पाहावी. दुसरे म्हणजे अंडी धरलेली मादी. तिचे पोट फुगते आणि वजन वाढते, पण ती चरबी नसते.

वजन कसे करावे?

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा मोठ्या गेकोला पुरतो. काट्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि मग गेकोला हळूच डब्यात सोडावे. शेपटीला धरून उचलू नये. अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम तीन ग्रॅमचे असते. त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, खाऊ घालण्याआधी वजन करून वहीत लिहावे. एक-दोन ग्रॅमचा फरक खाण्यामुळे किंवा विष्ठेमुळेही पडतो. खरे महत्त्व आहे ते कलाला. पिल्लाचे वजन वाढत राहायला हवे, ते थांबले तर काळजीचे. उलट मोठ्या गेकोचे वजन महिनोन्महिने स्थिर असेल तर ते चांगलेच.

गारखेड्यातल्या घरात काय लक्षात ठेवावे?

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि हिवाळ्यातल्या रात्री बऱ्यापैकी गार असतात. गेकोला अन्न पचवण्यासाठी बाहेरची ऊब लागते. त्याच्या पेटीतली उबदार बाजू ३१ ते ३३ अंश असावी आणि दुसरी बाजू थंड. हिवाळ्यात ऊब कमी पडली की खाणे मंदावते, म्हणून वजन घटताना दिसले की आधी तापमापी पाहावी. उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. बंद खोलीत पेटी तापली तर जिवावर बेतते.

हिवाळ्यात सशक्त मोठा गेको काही दिवस कमी खातो, पण शेपूट फारशी झडत नाही. खाणे कमी आणि शेपूटही बारीक होत असेल, तर ऋतूला दोष देऊन चालणार नाही.

डॉक्टरांकडे कधी न्यावे?

थोड्या आठवड्यांत वजन दहा टक्क्यांनी घटले, म्हणजे ६० ग्रॅमचा गेको ५४ वर आला, तर थांबू नये. नीट खाऊनही शेपूट काडीसारखी होत असेल तर आतड्यातल्या परजीवींची शक्यता असते. क्रिप्टोस्पोरिडियम हा त्यातला सर्वांत घातक. तो इतर गेकोंनाही लागतो, म्हणून आजारी प्राणी वेगळा ठेवावा. जाताना ताजी विष्ठा आणि वजनाची वही सोबत न्यावी. सरपटणारे प्राणी सगळेच पशुवैद्य तपासत नाहीत, त्यामुळे आधी फोन करून विचारलेले बरे.

लठ्ठ गेकोला मात्र एकदम उपाशी ठेवू नये, त्याने यकृतावर ताण येतो. मेणकिड्यांसारखे चरबीयुक्त किडे बंद करावेत. मोठ्या गेकोला रोज न देता दोन-तीन दिवसांआड कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे द्यावेत.

आणि रानात दिसलेला गेको पकडून घरी आणू नये. पाळीव गेको घेतानाही तो पैदास केलेला असल्याची कागदपत्रे मागावीत. शंका असेल तर वन विभागाकडे विचारणा करावी.