चहाचं पन्हं

मार्च सरत आला, की वाईत दुपारच्या वेळी कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेववत नाही. पसरणीच्या घाटाने पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणारी मंडळी गारव्याच्या शोधात वर निघून जातात. आपण मात्र खालीच असतो. अशा दुपारी घरी कुणी आलं, की आपला प्रश्न ठरलेला : "चहा ठेवू का?" आणि घाम पुसत पाहुणा म्हणतो, "नको, नुसतं पाणी द्या." चहा दिल्याशिवाय आगतस्वागत पुरं झाल्यासारखं वाटत नाही, आणि गरम चहा तर कुणालाच नको असतो. यावर घरच्या घरी करता येण्यासारखा एक उपाय आहे. गोड थंड चहा. त्याला मी 'चहाचं पन्हं' म्हणतो. का म्हणतो, ते पुढे ओघाने येईलच.

थंड चहा आपला नव्हे, तो अमेरिकेचा. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत घरोघरी गोड थंड चहाचा जग भरलेला असतो. 1904 साली सेंट लुईस इथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. भारतीय चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ तिथे गेले होते. उन्हामुळे गरम चहाला कुणी विचारेना, तेव्हा त्यांनी चहात बर्फ घातला आणि थंड चहाचा जन्म झाला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण जन्माची कथा म्हणून खरी नाही. त्याआधी पंचवीस वर्षं, 1879 साली, मॅरियन कॅबेल टायरी यांच्या व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या पुस्तकात थंड चहाची कृती छापली गेली होती. प्रदर्शनामुळे त्याचा बोलबाला झाला, एवढं मात्र खरं.

त्या जुन्या कृतीत एक गंमत आहे. सकाळी चहा करून ठेवायचा, पुढे तो गाळून घ्यायचा, आणि प्यायच्या वेळी पेल्यात बर्फ व दोन चमचे साखर घालून वरून चहा ओतायचा, असं त्यात सांगितलं आहे. आता हे करून पाहा. साखर तळाशी बसते. वरचा चहा फिका लागतो आणि शेवटचा घोट पाकासारखा. थंड पाण्यात साखर विरघळत नाही असं नाही. विरघळते, पण फार सावकाश, आणि तेवढा वेळ पाहुणा थांबत नाही. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गृहिणींनी हे ओळखलं आणि साखर गरम चहातच घालायला सुरुवात केली.

आपल्याकडे ही गोष्ट नव्याने सांगायची गरजच नव्हती. चैत्रात पन्हं करताना उकडलेल्या कैरीच्या गरात गूळ किंवा साखर आधी नीट एकजीव करतात, गार पाणी नंतर घालतात. सरबतासाठी साखरेचा पाक आधी करून ठेवतात. पेय प्यायचं थंड असलं, तरी त्याचं खरं काम गरम असतानाच उरकायचं असतं. पन्ह्याचं हे तत्त्व चहाला लावलं, की थंड चहा जमलाच.

चार पेल्यांची कृती सांगतो. अर्धा लिटर पाणी उकळत ठेवा. परसात गवती चहा असेल तर दोन पाती कापून त्यात टाका आणि दोन मिनिटं उकळू द्या. मग गॅस बंद करा. चहाची पावडर आता घालायची, गॅस बंद केल्यावर. रोजच्या बारीक दाण्याची असेल तर तीन चमचे, मोठ्या पानाची असेल तर चार. झाकण ठेवून तीन-चार मिनिटं थांबा आणि गाळा. गाळणीतला चोथा दाबून पिळू नका. रोजच्या दुधाच्या चहासाठी आपण पावडर खळाखळा उकळतो, कारण तिथला तुरटपणा दूध सावरून घेतं. इथे दूध नाही, त्यामुळे जास्त उकळलेला चहा थेट जिभेला तुरट लागतो.

गाळलेल्या गरम चहात सहा चमचे साखर आणि चवीला चिमूटभर मीठ घालून ढवळा. मग पातेलं तसंच ओट्यावर निवू द्या. निवल्यावर माठातलं दीड कप पाणी घाला आणि एका लिंबाचा रस पिळा. लिंबू पडताच चहाचा गडद रंग उजळतो, मधासारखा होतो. मुलांना दाखवण्यासारखी ही गंमत आहे : चहातली रंगद्रव्यं आंबटपणाने फिकी पडतात. भिजवलेला सब्जा घातलात तर उत्तमच. बर्फ सगळ्यात शेवटी, पेल्यात. तो वितळून चहा पातळ होणार, म्हणूनच मूळ चहा थोडा कडक ठेवला आहे.

गरम चहा घाईने फ्रीजमध्ये ठेवला, की तो गढूळ होतो. घाबरू नका, तो नासलेला नसतो. चहातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना धरतात, त्याचा तो ढगाळपणा. आधी ओट्यावर निववला तर तो कमी होतो, आणि झालाच तरी थोडं गरम पाणी घातल्यावर निवळतो. उरलेला चहा मात्र झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा.

आता बर्फाविषयी. 1833 साली बोस्टनहून बर्फ भरलेलं 'टस्कनी' नावाचं जहाज कलकत्त्याला आलं, तेव्हा तो केवढा चमत्कार वाटला होता. आज बर्फ कोपऱ्यावर मिळतो, आणि काळजीचं कारण तेच आहे. मासे टिकवायला, यंत्रं थंड ठेवायला केलेला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. म्हणून 2018 साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग देणं बंधनकारक केलं. पण बर्फ पांढरा दिसला म्हणजे तो चांगल्या पाण्याचाच, असंही समजू नये. थंडीने जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबून राहतात. उकळलेलं पाणी गार करून घरच्या ट्रेमध्ये केलेला बर्फ सगळ्यात भरवशाचा. आणि बर्फ नसेल तर माठाचं पाणी आहेच. घसा धरण्याची धास्ती असलेल्यांना तेच बरं.

साखरेचंही बोललं पाहिजे, कारण आपला सातारा-सांगली भाग उसाचा. गोडाला आपला हात सढळ. त्यात थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून आपण आणखी एक चमचा टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सुचवलं, की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. वर सांगितलेल्या कृतीत पेल्याला दीड चमचा पडते. मधुमेह असलेल्यांसाठी साखर घालण्याआधीच एक पेला बाजूला काढून ठेवा. लिंबू आणि गवती चहा यांच्या जोरावर तो बिनसाखरेचाही बेचव लागत नाही. घरात आपल्यासाठी कुणीतरी आठवणीने वेगळं काढून ठेवलंय, हे कळल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते साखरेनं येत नाही.

आणखी एक पथ्य. चहा, गरम असो वा थंड, जेवणासोबत घेऊ नये. अन्नातलं लोह अंगी लागण्यात तो आडवा येतो, आणि आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी आहेत. जेवणानंतर तासाभराने घ्यावा. रोजा सोडतानाही आधी पाणी आणि खजूर, मग जेवण, आणि हा चहा बराच नंतर. लहान मुलांना तर चहाऐवजी पन्हंच द्यावं.

शब्दांशी खेळणारा माणूस असल्याने एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरबत हा शब्द अरबी, मुळात 'पिणं' या अर्थाच्या धातूपासून आलेला. बर्फ फारसी. पन्हं संस्कृत 'पानका'पासून, साखर 'शर्करे'पासून. चहा चीनहून आलेला. एका पेल्यात इतक्या मुलखांची वस्ती, आणि तरी चव मात्र आपल्या घरची. 2025 साली 30 मार्चला गुढीपाडवा होता आणि 31 मार्चला ईद. शेजारच्या दोन घरांत लागोपाठच्या दोन दिवशी पाहुण्यांसाठी पेले मांडले गेले असतील, एकीकडे पन्ह्याचे, दुसरीकडे सरबताचे. दोन्हीकडे आधी साखर विरघळवली गेली असणार, आणि गारवा मागाहून.

या उन्हाळ्यात बाटलीतलं तयार पेय आणण्याआधी एकदा हा चहा करून पाहा. खर्च लिंबाचा आणि तीन चमचे पावडरीचा. वेळ लागतो तो फक्त निवण्याचा, म्हणून सकाळच्या चहाबरोबरच तो करून ठेवा. दुपारी दार वाजेल तेव्हा "चहा देऊ का?" असं बिनधास्त विचारता येईल.