हातचा राखलेला प्रकाश

लग्नाचा मुहूर्त फोटोग्राफरसाठी थांबत नाही. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होते, अक्षता पडतात आणि वधूवर एकमेकांना हार घालतात. सगळे मिनिटभरात आटोपते. हार पुन्हा घालायला सांगता येतो. पण अंतरपाट दूर होताना वधूच्या चेहऱ्यावर उमटलेला भाव पुन्हा मागता येत नाही. मी लग्नाचे फोटो काढतो. लोक मला कॅमेरा कोणता, असे विचारतात. खरे तर अशा क्षणी दगा देतो तो बहुधा कॅमेरा नव्हे, त्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश.

तो दगा का देतो? गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. फ्लॅशच्या पोटात कपॅसिटर नावाची वीज साठवणारी टाकी असते. सेल ही टाकी भरतात. पण त्यांचा पाइप बारीक असतो. बटण दाबले की साठलेली वीज काचेच्या नळीतल्या झेनॉन वायूतून क्षणार्धात धावते आणि लख्ख उजेड पडतो. पूर्ण ताकदीने फ्लॅश मारला, तर टाकी रिकामी होते आणि ती भरायला काही सेकंद लागतात. सेल दमलेले असतील, तर आणखी जास्त. नेमक्या त्याच सेकंदांत हार पडलेला असतो! उलट, चतुर्थांश ताकदीने मारला, तर एका टाकीत लागोपाठ चार फ्लॅश बसतात. म्हणून पहिला आणि शेवटचा नियम एकच : फ्लॅश हातचा राखून वापरावा.

मग उजेड कमी नाही का पडणार? थोडे गणित करू. फ्लॅशची ताकद गाइड नंबरने सांगतात. समजा, आयएसओ १०० ला तो ४० आहे. लेन्सचे छिद्र ५.६ वर ठेवले, तर ४० भागिले ५.६, म्हणजे सुमारे ७ मीटरपर्यंत उजेड पोहोचतो. वधूवर साडेतीन मीटरवर, म्हणजे निम्म्या अंतरावर असतील, तर चतुर्थांश ताकद पुरते. कारण अंतर निम्मे झाले की प्रकाश चौपट होतो. आता चेहऱ्यावर झगझगाट नको म्हणून फ्लॅश छताकडे वळवला. प्रकाशाचा प्रवास लांबला, तो पसरला. त्यासाठी चौपट ताकद लागली असे धरा. झाली पुन्हा पूर्ण ताकद! पण आयएसओ १०० चा ४०० केला की तेच काम चतुर्थांश ताकदीत होते, ८०० केला की अष्टमांशात. फिल्मच्या दिवसांत घातलेला रोल संपेपर्यंत ही सोय नव्हती. आजच्या कॅमेऱ्यांना ८०० आयएसओ मुळीच जड नाही. तरीही सवयीने १०० वरच अडून बसणारे बरेच भेटतात आणि त्याचा भुर्दंड फ्लॅश भरतो.

आता सेल. साधे अल्कलाइन पेन्सिल सेल दीड व्होल्टचे, तर पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सव्वा व्होल्टच्या आसपास. तरीही फ्लॅश लवकर भरतात ते हे दुसरे, कारण ते एका वेळी जास्त वीज सोडू शकतात. चार-चारचे संच करावेत, त्यांवर खूण करावी, एका संचातला सेल दुसऱ्यात मिसळू नये. चारांतला एक अशक्त निघाला तर उरलेले तिघेही त्याच्या चालीने चालतात. मुहूर्तापूर्वी, जुना संच ठीक वाटत असला तरी, ताजा संच घालावा. बऱ्याच फ्लॅशचा तयारीचा दिवा टाकी काठोकाठ भरण्याआधीच लागतो, हेही ध्यानात असू द्यावे. लिथियम बॅटरीचे नवे फ्लॅश झपाट्याने भरतात. पण सतत पूर्ण ताकदीने मारले, तर तेही तापतात आणि स्वतःला आवरते घेतात.

आणखी एक गंमत. फ्लॅश बराच वेळ वापरला नाही, तर सेल वाचवण्यासाठी तो आपोआप झोपतो. मंगलाष्टके म्हणायला घरच्या मावश्या-आत्या पुढे सरसावल्या, की हा वेळ सहज निघून जातो. ही झोपेची सोय आधीच बंद करावी किंवा अधूनमधून बटण अर्धे दाबून त्याला जागे ठेवावे.

फ्लॅश स्वयंचलित ठेवावा का? त्यात खऱ्या उजेडाआधी एक बारीक लकाकी जाते, ती परत किती आली यावरून कॅमेरा ताकद ठरवतो. पण शालूची जर लकाकी जोरात परतवते. कॅमेऱ्याला वाटते उजेड भरपूर झाला आणि चेहरे काळवंडतात. बोहल्यावर अंतर ठरलेले असते, तिथे ताकद हाताने ठरवलेली बरी. वरातीत अंतर सतत बदलते, तिथे स्वयंचलित बरा.

अक्षता आणि होमाचा धूर, दोन्हींची गोष्ट एकच. लेन्सजवळून जाणाऱ्या अक्षतेवर समोरून फ्लॅश पडला, तर ती पांढऱ्या ठिपक्यासारखी चेहऱ्यावर बसते; धुराचा पडदाच होतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून उंच स्टँडवर बाजूला ठेवला की हा त्रास पुष्कळ कमी होतो. मात्र तो रेडिओ ट्रिगरने चालवावा. दुसऱ्याचा उजेड पाहून पेटणारा फ्लॅश एखाद्या पाहुण्याच्या फ्लॅशनेही पेटतो आणि आपल्या वेळी टाकी रिकामी सापडते.

यात यजमानांनाही थोडे करता येते. डेकोरेटरला सांगून स्टेजवरचे छत पांढऱ्या कापडाचे ठेवावे. लाल-पिवळ्या कापडावरून परतलेला उजेड तोच रंग घेऊन चेहऱ्यांवर उतरतो. अंतरपाट दूर होताना समोर हातभर वाट मोकळी ठेवायला भाचे-पुतण्यांना सांगावे. फोटोग्राफर जितका जवळ, तितका फ्लॅशवरचा भार कमी. आणि फोटोग्राफर ठरवताना कॅमेऱ्याची किंमत विचारण्याऐवजी विचारावे, ‘ऐनवेळी फ्लॅश पेटला नाही, तर दुसरा आहे का?’ ज्याच्या पिशवीत दुसरा फ्लॅश आणि सेलचे जादा संच आहेत, त्याने तुमच्या घरच्या त्या एका मिनिटाचा विचार आधीच केलेला असतो.