तज्ज्ञ-प्रणाली पुन्हां लिहितांना

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी जिंतुरास माझ्या घरीं आला. शहरांतील एका कंपनींत तो कांहीं वर्षें नोकरीस होता. कपाशीवरील किडींबद्दल सल्ला देणारी संगणकाची एक प्रणाली तेथें होती. नोकरी सुटल्यावर तशीच प्रणाली आपण स्वतः नव्यानें लिहावी आणि जिंतूर, सेलू, परभणी येथील कृषिसेवा केंद्रांना विकावी, असें त्यानें मनाशीं घेतलें होतें. त्यासाठीं दोन एकर जमीन गहाण ठेवण्यास वडील तयार झाले होते. "गुरुजी, ही चोरी होईल का?" असें त्यानें मला विचारलें. मी मॅट्रिक झालेला मास्तर, वकील नव्हे. परंतु प्रश्न दोन एकरांचा होता, म्हणून कायद्याचें पुस्तक मागवून वाचलें. त्यांतून जें उमगलें तें आज आपणांपुढें ठेवितों.

तज्ज्ञ-प्रणाली म्हणजे जाणत्या माणसाचें ज्ञान 'अमुक असेल तर तमुक करावें' अशा नियमांत मांडून संगणकाच्या स्वाधीन करणें. कपाशीचें फूल नीट न उमलतां गुलाबाच्या कळीसारखें मिटलेलें, म्हणजे डोमकळी, दिसली तर गुलाबी बोंडअळीचा संशय घ्यावा. कामगंध सापळ्यांत लागोपाठ तीन रात्रीं आठ-आठ पतंग सांपडले तर उपाय योजावा. अशा धर्तीचे हे नियम. त्यांची सांगड घालून निष्कर्ष काढणारा भाग निराळा असतो. नियम हें दळण, तर तो भाग हें जातें. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९७० च्या दशकांत रक्तांतील जंतुदोष ओळखणारी 'मायसिन' प्रणाली झाली. पुढें तिच्यांतील वैद्यकीय नियम काढून घेऊन रिकामें जातें तेवढें 'ईमायसिन' या नांवानें ठेवण्यांत आलें. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रानेंही असेंच एक साधन घडविलें आणि त्याचें नांव मोठें समर्पक ठेविलें: 'विद्वान'.

आतां कायदा. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा आहे. १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृतीं'त गणली गेली. म्हणजे कादंबरी आणि आज्ञावली कायद्याच्या एकाच पंक्तीस बसल्या. कादंबरीचें लेखन लेखकाचें असतें, परंतु दोन भावांच्या वाटणीचें भांडण ही कल्पना कोणाच्याच मालकीची नसते. आर. जी. आनंद यांच्या नाटकावरून चाललेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं हेंच तत्त्व सांगितलें: हक्क कल्पनेवर नाहीं, तिच्या मांडणीवर आहे.

आपणांस हें परकें वाटूं नये. गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें 'ग्रहलाघव' रचून ज्याचापांची खटपट टाळणाऱ्या गणिताच्या रीती दिल्या. पुढें शेंकडों वर्षें पंचांगकर्ते त्या रीतींनीं पंचांगें करीत आले. (माझ्या मतें तीही तज्ज्ञ-प्रणालीच, संगणकाच्या जागीं जोशीबुवा, एवढाच फरक!) रीत वापरली म्हणून कोणी कोणास चोर म्हटलें नाहीं. परंतु शेजाऱ्याचें छापील पंचांग जसेंच्या तसें उतरवून विकणें ही गोष्ट वेगळी.

आज्ञावलीच्या बाबतींत कायदा आणखी मोकळीक देतो. रीतसर हातीं आलेली आज्ञावली चालवून, पारखून तिच्यामागील तत्त्वें जाणून घेण्यास कलम ५२ प्रमाणें आडकाठी नाहीं. युरोपच्या न्यायालयानेंही २०१२ सालीं 'सॅस' कंपनीच्या दाव्यांत निर्णय दिला कीं, आज्ञावली काय काम करते यावर आणि तिच्या भाषेवर स्वामित्वहक्क चालत नाहीं. याचा पूर्वीचा दाखला अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचा आहे. 'आर्ट' नांवाचें तज्ज्ञ-प्रणालीचें साधन फार महाग पडूं लागलें, तेव्हां ह्यूस्टनच्या केंद्रानें १९८५ मध्यें दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळांत, 'आर्ट'च्याच लेखनपद्धतीशीं मिळतें-जुळतें, 'क्लिप्स' नांवाचें साधन सी भाषेंत स्वतंत्रपणें लिहून काढलें.

इतकें ऐकून विद्यार्थी हर्षला. मीं त्यास थांबविलें. तूं त्या कंपनींत बसून मूळ आज्ञावली डोळ्यांनीं वाचली आहेस. तुझ्या हातून नकळत तिच्याच ओळी उतरल्या तर? आणि नोकरींत शिरतांना सही केलेल्या करारांत गुप्ततेचें कलम होतें काय? तो गप्प बसला. कलम होतें. स्वामित्वहक्काच्या कायद्यानें मोकळी ठेवलेली वाट करारानें बंद होऊं शकते, हें तरुणांच्या ध्यानांत येत नाहीं. १९८४ मध्यें 'फीनिक्स' कंपनीनें आय. बी. एम. च्या संगणकांतील मूळ आज्ञावली नव्यानें तयार केली, तेव्हां एका गटानें ती अभ्यासून केवळ तिचें कार्य कागदावर उतरविलें आणि जिनें मूळची एक ओळही पाहिली नव्हती अशा मंडळीनें लेखन केलें. आमच्या विद्यार्थ्यापाशीं मात्र दोन्ही गट मिळून तो एकटाच!

राहिला धंद्याचा प्रश्न, आणि मला अधिक काळजी त्याचीच वाटली. जातें विकण्यांत आतां अर्थ नाहीं. 'क्लिप्स' कोणासही फुकट मिळतें. शेतकऱ्यास सल्लाही फुकट मिळतो, कारण २००४ पासून सरकारचें किसान कॉल सेंटर चालू आहे. मग पैसे देणार कोण? दुकानदार. पण ज्याचें पोट औषधाच्या विक्रीवर, त्यास प्रत्येक सल्ल्याच्या शेवटीं आपलीच बाटली यावी असें वाटणार. 'आज फवारणी नको' हा नियम तो किती दिवस सहन करील?

शिवाय नियम शिळे होतात. बी. टी. कपाशीस आपल्या देशांत २००२ मध्यें परवानगी मिळाली, तेव्हां बोंडअळीची चिंता सरली असें पुष्कळांस वाटलें. २०१७ च्या खरिपांत त्याच बी. टी. कपाशीवर गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांत हाहाकार उडविला. पूर्वीच्या भरंवशावर लिहिलेले नियम ज्यानें उतरवून घेतले असते, त्याच्या पदरीं शेतकऱ्यांचे शिव्याशाप आले असते. परभणीचें कृषि विद्यापीठ शिफारशी प्रसिद्ध करितें. त्यांतील माहितीचा आधार घेऊन नियम आपल्या शब्दांत लिहितां येतात. पण दरसाल शेतांत जाऊन ते ताडून पाहणें, हें काम नकलेनें साधत नाहीं.

विद्यार्थ्यानें जुन्या कंपनीचा करार परभणीच्या एका वकिलास दाखविला आणि गुप्ततेची मुदत संपेपर्यंत आज्ञावलीस हात लावावयाचा नाहीं असें ठरविलें. यंदा त्यानें गांवांतील सात शेतांत कामगंध सापळे लावले आहेत. रोज सकाळीं तो पतंग मोजून वहींत आंकडे मांडतो. जमीन अद्याप गहाण पडलेली नाहीं.