मुलाचा गहू बंद करताय? थांबा, आधी रक्त तपासा

ज्यांना प्रवासात ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना मी घातलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' बरेचसे कापलेत. मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या, त्या इथे ऐकू येणार नाहीत.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहितो. पण गेलं वर्षभर माझ्या ताईच्या घरात एकच विषय चालू होता, आणि रिपोर्ट वाचायचं काम 'तू इंजिनिअर आहेस ना' म्हणून माझ्याकडे आलं.

भाचा साडेपाच वर्षांचा. पोट सतत फुगलेलं, कधी जुलाब, कधी चार-चार दिवस शी नाही. वर्षभरात उंची जेमतेम वाढली. हिमोग्लोबिन कमी, लोहाचं औषध देऊनही वर येईना. आई म्हणायची, "जंत असतील गं." जंताचं औषधही देऊन झालं. मग ताईने एक रील बघितलं: गहू बंद करा, पंधरा दिवसांत फरक बघा. तिने केला. ज्वारीची भाकरी, तांदळाची धिरडी, साबुदाणा. आणि खरंच फरक पडला! पोट बसलं, पोरगं खेळायला लागलं.

तीन महिन्यांनी तिने सीलिअॅकची रक्ततपासणी करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल. घरात पेढे वाटायचे बाकी होते.

मीही फोनवर म्हणालो, "चला, सुटलो." चूक इथेच होती.

सीलिअॅक ही अॅलर्जी नाही, आणि 'गहू पचत नाही' इतकं साधंही नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांची प्रतिकारशक्ती ग्लुटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यामुळे अन्नातलं सत्त्व शोषलं जातं. ते झिजून सपाट होतात. मग लोह कितीही पाजा, ते रक्तात जाणार कुठून? म्हणून पोटाची मोठी तक्रार नसलेल्या मुलातही नुसता अॅनिमिया किंवा खुंटलेली उंची हीच खूण असू शकते.

या हल्ल्यात शरीर अँटीबॉडी बनवतं. टीटीजी-आयजीए ही टेस्ट त्याच मोजते. आता विचार करा. ग्लुटेन बंद केलं की हल्ला थंडावतो, अँटीबॉडी हळूहळू उतरतात, आतडंही भरून यायला लागतं. मग टेस्टला सापडणार काय? बग शोधायचाय आणि आपण तो मॉड्यूलच बंद करून ठेवलाय, वर म्हणतोय, बघा, एरर येत नाही!

नाशिकच्या ज्या पोटविकार तज्ज्ञांकडे शेवटी गेलो, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टेस्ट केली तेव्हा मुलगा पोळी खात होता का?" ताई गप्प. ते शांतपणे म्हणाले, "मग हा रिपोर्ट आपण धरायचा नाही."

उपाय ऐकून ताईला रडू आलं. गहू पुन्हा सुरू. रोज, एकापेक्षा जास्त जेवणांत, किमान सहा आठवडे. ज्याने पोरगं आजारी पडतं तेच आईने हाताने भरवायचं. चौथ्या आठवड्यात रात्री अकराला तिचा फोन आला, "तो पोट धरून झोपलाय रे, मी हे का करतेय?" माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. आधी टेस्ट केली असती तर हे सहा आठवडे लागलेच नसते, हे मी तिला त्या रात्री बोललो नाही. तुम्हाला बोलतोय.

(आणि हा गहू-प्रयोग घरच्या घरी करू नका. गहू खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं ही गव्हाची अॅलर्जी असू शकते. तो वेगळा विषय, आणि धोक्याचा.)

रिपोर्ट वाचताना आणखी एक गोष्ट बघा. टीटीजी-आयजीए सोबत 'टोटल आयजीए' केलीय का? काही मुलांच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी बनतं. त्यांची टीटीजी-आयजीए आजार असूनही नॉर्मल येऊ शकते, मग आयजीजी प्रकारची टेस्ट लागते.

भाच्याची टीटीजी या वेळी वाढलेली आली, नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या साधारण सहापट. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आकडा दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही टेस्टही पॉझिटिव्ह असेल, तर दुर्बिणीशिवाय निदान करता येतं. आमचं तितकं नव्हतं, म्हणून एंडोस्कोपी. भूल देऊन तोंडातून दुर्बीण, लहान आतड्याच्या सुरुवातीचे चिमूटभर तुकडे. दुपारी तो आइसक्रीम मागत होता. आणि हो, त्या दिवसापर्यंत गहू चालूच ठेवायचा होता. रक्ताचा रिपोर्ट आला की लगेच बंद करायची घाई इथेही नडते.

बायोप्सीत सीलिअॅकच निघाला.

जनुकीय टेस्टचं पण विचारलं होतं तुम्ही. एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8. हे जनुक निरोगी लोकांतही भरपूर असतात, त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. पण दोन्ही नसतील तर सीलिअॅक जवळजवळ नाहीच. आणि 'ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी'? सीलिअॅक नाही, अॅलर्जी नाही, तरी गव्हाने त्रास होतो, अशी माणसं आहेत. पण त्यासाठी वेगळी टेस्टच नाही. बाकी दोन्ही आधी वगळायचे, मग डॉक्टरांच्या देखरेखीत आहार बदलून बघायचं. शंभर पदार्थांचं आयजीजी पॅनेल विकतात ना, ताईला पण एकाने विकलं होतं, त्यातल्या लाल रेघा बहुतेक वेळा एवढंच सांगतात की पोराने तो पदार्थ खाल्लाय.

इतका कडक नियम कशासाठी, तर सध्या उपचार एकच आहे: आयुष्यभर ग्लुटेन बंद. हे कळलं तेही विचित्र परिस्थितीत. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, आणि त्याची ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला, तशी पुन्हा बिघडली. 1950 मध्ये त्याने त्यावर प्रबंध लिहिला.

आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहे, म्हणून सोपं वाटतं. पण गिरणीत ज्वारी गव्हावर दळली की संपलं. ताईने आता घरघंटी घेतलीय. बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, सोया सॉस, माल्टचं दूध, सगळं तपासावं लागतं. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' असेल तर भारतात मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. शाळेत वाढदिवसाचा केक येतो तेव्हा डब्यात राजगिऱ्याचा लाडू असतो. कधी चालतो, कधी भोकाड.

आठ महिन्यांत टीटीजी बरीच खाली आलीय, अजून नॉर्मल नाही. उंची मात्र दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने तीन बोटं वर सरकलीय.

सख्ख्या भावंडांनाही हा आजार असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ताई, दाजी आणि तीन वर्षांची धाकटी यांचीही तपासणी आहे, पुढच्या मंगळवारी. तोपर्यंत धाकटीला रोज तूप-साखरेची पोळी चालू आहे. दादासमोर नाही, स्वयंपाकघरात ओट्याच्या मागे बसून.