वाजत नाही, पण बाधते

पौष लागला की ग्वाल्हेर-इंदूरकडील आपल्या घरांतून एक संवाद हमखास कानी पडतो. सून विचारते, "बाबा, थंडी वाजते का? दुलई आणू?" आणि बाबा उत्तरतात, "छे, मला काही वाजत नाही. तू मुलांकडे पाहा." बाबा खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच थंडी वाजत नसते. परंतु थंडी वाजत नाही म्हणजे ती बाधत नाही, असे मात्र नव्हे. हा भेद श्रोत्यांच्या ध्यानात आणून देणे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम ही थंडी येते कोठून ते पाहू. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणारी हिवाळी वादळे पश्चिमेकडून मजल दरमजल करीत आपल्याकडे येतात. हवामानशास्त्रात त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांच्यामुळे हिमालयात बर्फ पडते आणि खाली मैदानात पाऊस व गारा पडतात. या पावसालाच माळव्यात मावठा म्हणतात. वादळ पुढे सरकले की उत्तरेचे गार वारे मोकळे सुटतात, आणि ग्वाल्हेरकडे तर दाट धुके दुपारपर्यंत सूर्यदर्शन होऊ देत नाही. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस वा त्याखाली गेले आणि ते नेहमीच्या मानापेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असले, म्हणजे हवामान खाते थंडीची लाट आल्याचे सांगते. आपले जुने वाडे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेले; जाड भिंती, उंच छत, फरशीची जमीन. वैशाखात सुख देणारी हीच खोली पौषात गारठून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली, थंडीच्या दिवसांत घरातील तापमान १८ अंशांखाली जाऊ नये, अशी शिफारस केली आहे.

आता शरीराकडे वळू. गारवा लागताच तरुण माणसाच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू थरथरू लागतात आणि आतली ऊब टिकून राहते. वार्धक्यात ही दोन्ही कामे मंदावतात. मांस झडलेले असते, आणि गारवा जाणवून देणारी संवेदनाही बोथट झालेली असते. मधुमेह, थायरॉईडची उणीव, झोपेची गोळी यांनी त्यात भर पडते. शरीराच्या आतील तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली उतरले की जिवाला धोका निर्माण होतो. घरातील नेहमीचा थर्मामीटर ताप पाहण्यासाठी केलेला असल्यामुळे इतके खालचे तापमान तो बहुधा दाखवीतच नाही. येथे आपला हातच उपयोगी पडतो. हातपाय कोणाचेही गार पडतात. परंतु पांघरुणाखाली पोट गार लागले, बोलणे अडखळू लागले, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला किंवा अवेळी पेंगू लागला, तर वेळ दवडू नये. थरथर आपोआप थांबली म्हणून सुटकेचा निःश्वासही टाकू नये. शरीर थकले, असाच त्याचा अर्थ असू शकतो. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. तोवर ओले कपडे बदलावेत; छाती, मान व डोके कोरड्या उबदार कपड्यांत गुंडाळावे. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असून त्याला नीट गिळता येत असेल, तरच गरम गोड दूध द्यावे. हातपाय चोळू नयेत, कढत पाण्याने स्नान घालू नये. ब्रँडीचा घोट तर मुळीच देऊ नये; मद्याने त्वचा उबदार भासते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

एक इशारा मात्र मी अधिक जोर देऊन देतो. दारेखिडक्या लावून, कोळशाची शेगडी खाटेशेजारी ठेवून निजण्याची सवय फार घातक आहे. कोंडलेल्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि निजलेला माणूस जागा होत नाही. बंद न्हाणीघरातील गॅसच्या गीझरचाही धोका हाच. शेकायचे तर खिडकी उघडी ठेवून, सर्वांनी जागे असताना शेकावे. निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर नेऊन ठेवावी.

बाकीचे उपाय साधे आहेत. एका जाड कोटापेक्षा दोनतीन पातळ कपडे अधिक ऊब देतात. कानटोपी व मोजे रात्रीही असावेत. मात्र मोज्यांनी फरशीवर पाय घसरतो, म्हणून खाटेपाशी न घसरणाऱ्या सपाता ठेवाव्यात आणि मोरीच्या वाटेवर दिवा असावा. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळूनच द्यावी. मधुमेह्याला पाय भाजलेलेही कळत नाहीत. थंडीत रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण पडतो. म्हणून पहाटेचा फेरफटका ऊन पडेपर्यंत लांबवावा आणि दुलईतून एकदम न उठता क्षणभर बसून मग उठावे. रात्री उठावे लागेल या धास्तीने वृद्ध मंडळी पाणी तोडतात. त्यांना दिवसा थोडे थोडे कोमट पाणी द्यावे. नेहमीच्या औषधांचा आठवडाभराचा साठा घरात असू द्यावा. फ्ल्यूच्या लसीविषयी थंडीपूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

मुले पुण्यास वा परदेशी, आणि येथे दोन म्हातारी माणसे एकटी, अशी घरे आज प्रत्येक आळीत आहेत. दूरध्वनीवर त्यांना विचारले तर उत्तर ठरलेलेच येणार: "आम्ही मजेत आहोत." लाटेच्या दिवसांत शेजाऱ्याने सकाळ-संध्याकाळ दार ठोठवावे, चहा घेऊन आत जावे, घटकाभर बसावे. खोलीचा गारठा दारातून कळत नाही, बसल्यावर कळतो. आणि थंडी वाजते का, हे विचारीत न बसता दुलई आणून पांघरून द्यावी. ती नको असेल, तर बाबा स्वतःच बाजूला सारतील.